हे ‘अमुक दिन’ नेमके येतात कुठून?

अर्धविराम (धागाकर्ती)

ऑफिसात लिफ्टशेजारी एक पांढरा फळा आहे. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलं की त्यावर रोज ‘आज कोणता दिवस’ ते लिहायचं. ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात काम, या न्यायाने ते माझ्याकडे आलं. सुरुवातीचे दोन-तीन महिने मी नेटवर जे सापडेल ते निमूटपणे उतरवत होते. मग एका १९ सप्टेंबरला लिहिलं, ‘आज समुद्री चाच्यांसारखं बोलण्याचा आंतरराष्ट्रीय दिवस’. लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या एका सिनियर बाईंनी ते दोनदा वाचलं आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "अगं, हे ठरवतं कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून शोधायला लागले, तर त्या एका दिवसाचीच गोष्ट इतकी भारी निघाली की आता सुटका नाही.

६ जून १९९५. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जॉन बॉर आणि मार्क समर्स हे दोन मित्र रॅकेटबॉल खेळत होते. खेळता खेळता एकाला कळ आली आणि तोंडातून ‘आऽऽर्र’ असा चाच्यासारखा आवाज निघाला. झालं, मग उरलेला खेळभर दोघंही चाच्यांच्या थाटात बोलत राहिले, आणि जाता जाता ठरवून टाकलं की याचा वर्षातून एक दिवस असायलाच हवा. पण ६ जून चालणार नव्हता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं तो दिवस, तिथे असली थट्टा बरी दिसत नाही. मग १९ सप्टेंबर का? तर समर्सच्या घटस्फोटित बायकोचा तो वाढदिवस होता. तारीख डोक्यात पक्की होती आणि आता त्या दिवशी दुसरं काही काम नव्हतं! पुढची सात वर्षं हा ‘आंतरराष्ट्रीय’ दिवस ते दोघं आणि त्यांचे मित्र एवढ्यांतच साजरा होत होता. २००२ मध्ये त्यांनी डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाला पत्र पाठवलं, त्याने त्यावर लेख लिहिला, आणि मग ते प्रकरण जगभर गेलं.

यावरून माझा एक आडाखा तयार झालाय. दिवस ‘का’ सुरू झाला हे विचारलं की सगळे छान छान उत्तरं देतात. ‘हीच तारीख का’ असं विचारा, मग खरी गोष्ट बाहेर येते.

तर तुम्हाला माहीत असलेले विचित्र दिवस इथे टाका. नुसती तारीख नको, जन्मकथा हवी. सुरुवात म्हणून माझी आवडती: १ एप्रिल. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनला त्याचे विदूषक म्हणाले की राज्य आम्ही तुमच्यापेक्षा बरं चालवू. सम्राटाने गंमत म्हणून कुगेल नावाच्या विदूषकाला एक दिवसाचा राजा केलं, आणि त्याने फर्मान काढलं की आज सगळ्यांनी वेडेपणाच करायचा. फळ्यावर हे लिहिलं तेव्हा सहा जणांनी फोटो काढले होते.

रेघोट्या

जागा धरून ठेवतेय. त्या सिनियर बाईंना माझा नमस्कार.

तळघरातला_सर्व्हर

आमच्या जमातीचा दिवस सांगितल्याशिवाय राहवणार नाही. जुलैचा शेवटचा शुक्रवार, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचे आभार मानण्याचा दिवस. टेड केकाटॉस नावाच्या सिस्टिम ॲडमिनने २००० साली सुरू केला. त्याला एका मासिकात ह्युलेट-पॅकार्डची जाहिरात दिसली: नवे प्रिंटर बसवून दिले म्हणून ऑफिसातले लोक फुलं आणि फळांच्या परड्या घेऊन ॲडमिनसमोर रांगेत उभे. केकाटॉसने नुकतेच त्याच मॉडेलचे प्रिंटर स्वतः बसवले होते. परडी सोडा, कुणी काही बोललंही नसणार, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. आमच्याकडे प्रिंटर चालतो तेव्हा तो आपोआप चालतो. बंद पडतो तेव्हा मात्र मी बंद पाडलेला असतो.

शुक्रवारच का, हे तुमच्या आडाख्याप्रमाणे विचाराल तर माझं वैयक्तिक मत: शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरला हात लावू नये हा आमचा एकमेव धर्म आहे, तेव्हा तो दिवस मोकळा असतो.

प्रोग्रॅमर लोकांचा वेगळा दिवस आहे, वर्षातला २५६ वा. एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या किमती मावतात, आणि दोनाच्या घातांपैकी ३६५ च्या आत बसणारी सगळ्यात मोठी संख्या तीच. म्हणून १३ सप्टेंबर, लीप वर्षात १२. रशियाने २००९ मध्ये तो अधिकृतसुद्धा करून टाकला. आणि ३१ मार्च हा बॅकअपचा दिवस, २०११ पासून. ती तारीख का, ते उघड आहे. दुसऱ्या दिवशी १ एप्रिल असतो.

खोडरबर

रंगाचा बेरंग करतोय, पण यातले निम्म्याहून जास्त दिवस कुणीतरी काहीतरी विकायला काढलेले असतात. भाबडेपणाने फळ्यावर लिहू नका.

ठळक उदाहरण देतो. जानेवारीचा तिसरा सोमवार, ‘वर्षातला सर्वांत उदास दिवस’, ब्लू मंडे. दरवर्षी वर्तमानपत्रं गंभीर चेहऱ्याने छापतात. हा आला २००५ साली, स्काय ट्रॅव्हल या पर्यटन वाहिनीच्या प्रसिद्धिपत्रकातून. क्लिफ आर्नल नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकाच्या नावाने एक सूत्र दिलं होतं. त्यात हवामान, डोक्यावरचं कर्ज, नाताळ होऊन किती दिवस झाले, नववर्षाचा संकल्प मोडून किती दिवस झाले आणि अंगातला उत्साह, अशा सगळ्यांचे गुणाकार-भागाकार. हवामान कशात मोजायचं? उत्साह कोणत्या एककात? काहीही नाही. पण सूत्र असलं की विज्ञान झालं. उदास माणूस सुट्टीची तिकिटं काढतो, एवढंच काय ते त्यातलं गणित.

दुसरं, १४ मार्चचा व्हाइट डे. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात. मग पुरुषांनी परतफेड कधी करायची? १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या मिठाईवाल्यांनी बरोबर एक महिन्यानंतरची तारीख शोधली. सुरुवातीला भर होता मार्शमेलोवर, तो पांढरा, म्हणून नाव ‘पांढरा दिवस’. आता सांगा, यात कुठली आली भावना?

अर्धविराम

खोडरबर, बेरंग वगैरे काही नाही, उलट हेच हवं होतं. पण उलटी गोष्टही असते. ॲना जार्विसची घ्या. विचित्र दिवसांत ती बसत नाही, पण तिचं आयुष्य बसतं.

तिने आपल्या आईच्या आठवणीत १९०८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिला मातृदिन घडवून आणला. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सननी तो देशभर लागू केला. इंग्रजी नावात तिने एकवचन हट्टाने ठेवलं होतं. ‘आयांचा’ दिवस नव्हे, प्रत्येकाने आपापल्या ‘आईचा’ पाळायचा दिवस. आणि मग फुलवाले, भेटकार्डवाले, मिठाईवाले आले. पुढची सगळी वर्षं ही बाई स्वतःच सुरू केलेल्या दिवसाविरुद्ध भांडत राहिली. छापील भेटकार्ड पाठवणारा माणूस आळशी, हे तिचं मत होतं. १९२५ मध्ये फिलाडेल्फियात निधीसाठी फुलं विकणाऱ्या एका मातासंघटनेच्या अधिवेशनात घुसून तिने गोंधळ घातला आणि पोलिसांनी तिला पकडलं. १९४८ मध्ये गेली. तिला स्वतःला मूल नव्हतं.

फळ्यावर हे कसं लिहायचं, सांगा. तीन ओळींची जागा आहे.

पावकी_निमकी

आमचा, म्हणजे गणितातल्या π (पाय) या संख्येचा दिवस कुणी विकायला काढलेला नाही. (पाय-डेला पाय नावाचा पदार्थ विकला जातो, ते सोडून द्या.)

१४ मार्च म्हणजे ३.१४, पायची अंदाजे किंमत. लॅरी शॉ हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयातला भौतिकशास्त्रज्ञ. १९८८ मध्ये त्याने सहकाऱ्यांना गोळा केलं, सगळे एका गोल जागेत गोल फिरले आणि मग पाय खाल्ला. एवढाच सोहळा. पुढचे अंक १, ५, ९ म्हणून दुपारी १ वाजून ५९ मिनिटांनी मिरवणूक काढायची प्रथा पडली. आइन्स्टाइनचा जन्म १४ मार्च १८७९ चा, हा निव्वळ योगायोग, पण असा योगायोग कोण सोडतो? २०१९ मध्ये युनेस्कोने तीच तारीख आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून घेतली.

गंमत अशी की आधी महिना मग दिवस, असं लिहिणाऱ्यांच्याच तारखेत ३.१४ दिसतो. आधी दिवस लिहिणाऱ्यांनी काय करायचं? तर २२ जुलै! २२/७. आणि खरं सांगू का, २२/७ हे ३.१४ पेक्षा पायच्या जास्त जवळ आहे. करून बघा. ३.१४ मध्ये चूक सुमारे ०.००१६ ची, २२/७ मध्ये सुमारे ०.००१३ ची. म्हणजे ज्याला ‘अंदाजे पायचा दिवस’ म्हणून हिणवतात तोच जास्त अचूक. गेली कित्येक वर्षं हे मी लोकांना सांगतोय, कुणी मनावर घेत नाही.

वर्गमूळ दिवसही आहे. रॉन गॉर्डन या कॅलिफोर्नियातल्या शिक्षकाने तो ९ सप्टेंबर १९८१ ला काढला, ९/९/८१, कारण ८१ चं वर्गमूळ ९. शतकात फक्त नऊ वेळा येतो. ५/५/२५ होऊन गेला, आता थेट ६ जून २०३६. इथे दिवस आधी की महिना आधी हे भांडणच नाही, म्हणून हा माझा लाडका.

रेघोट्या

तारखेच्या आडाख्याला माझ्याकडून भरभक्कम पुरावा घ्या.

इमोजी दिवस, १७ जुलै. इमोजीपीडिया चालवणाऱ्या जेरेमी बर्जने २०१४ मध्ये सुरू केला. १७ जुलैच का? आयफोनवर कॅलेंडरचा इमोजी उघडा. त्या इवल्याशा पानावर ‘१७ जुलै’ छापलेलं आहे. आता त्या पानावर ती तारीख का? कारण ॲपलने आपलं आयकॅल हे कॅलेंडर १७ जुलै २००२ ला जाहीर केलं होतं. म्हणजे कुणा डिझायनरने चित्रात काहीतरी तारीख हवी म्हणून घरचीच घातली, आणि बारा वर्षांनी जगाला एक ‘दिवस’ मिळाला.

आणि मंडळी, व्हॉट्सॲपचा स्वतःचा कॅलेंडर इमोजी नीट बघा. तिथे २४ फेब्रुवारी आहे, २००९ मधला त्यांचा वाढदिवस.

तळघरातला_सर्व्हर

आत्ता फोन उघडून बघितलं. खरंच २४! इतकी वर्षं मीटिंगच्या निरोपात हे चित्र चिकटवतोय, एकदाही वाचलं नव्हतं.

तळटीप

उशिरा आलो, धागा झकास आहे. पण अर्धविराम, एक वाईट बातमी आहे. आधी बसून घ्या.

तुमच्याच आडाख्याने तुमची १ एप्रिलची गोष्ट तपासा. कॉन्स्टंटाइन, विदूषक, एक दिवसाचा राजा, सगळं आहे. पण १ एप्रिलच का, याचं उत्तर त्यात कुठे आहे? नाहीये. कारण ती गोष्ट १९८३ साली टेलिफोनवर जन्माला आली.

झालं असं. बॉस्टन विद्यापीठात जोसेफ बॉस्किन नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते, विनोदाचा इतिहास हा त्यांचा विषय. असोसिएटेड प्रेसच्या फ्रेड बेल्स या तरुण बातमीदाराने त्यांना १ एप्रिलचं मूळ विचारलं. बॉस्किनना ते माहीत नव्हतं, पण बातमीदार काही पिच्छा सोडेना. मग त्यांनी बोलता बोलता रचायला सुरुवात केली. विदूषकाचं नाव त्यांनी ठेवलं ‘कुगेल’. कुगेल हा ज्यू घरांतला भाजलेला पदार्थ आहे, नूडल्सचा किंवा बटाट्याचा. म्हणजे कुणी इतिहासकाराने तुम्हाला गंभीरपणे सांगावं की सम्राटाच्या दरबारात ‘थालीपीठ’ नावाचा विदूषक होता, त्यातलं हे. त्यांना वाटलं, इथे तरी पोरगा ओळखेल. पोराने लिहून घेतलं. वृत्तसंस्थेने बातमी देशभर पाठवली. पुढे बॉस्किननी वर्गात माध्यमांवर बोलताना हा किस्सा सांगितला, विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने तो छापला, आणि मग एकच हलकल्लोळ. बेल्स नंतर त्याच विद्यापीठात पत्रकारितेचे प्राध्यापक झाले, ही वरची चेरी.

आता खरं मूळ काय? सगळीकडे छापून येणारं दुसरं उत्तर फ्रान्सचं: राजाने १५६४ मध्ये वर्षारंभ १ जानेवारीला नेला, जुन्या पद्धतीने वागणाऱ्यांची थट्टा झाली, तो हा दिवस. ऐकायला बरं वाटतं. पण एदुआर्ड दे डेने या फ्लेमिश कवीची १५६१ मधली एक कविता आहे. तीत एक उमराव १ एप्रिलला आपल्या नोकराला एकामागून एक वेडगळ कामांना पिटाळतो आणि नोकराच्या ते लक्षात येतं. फर्मानाच्या तीन वर्षं आधीची कविता! शिवाय फ्रान्सच्या बऱ्याच भागांत तेव्हा वर्ष ईस्टरपासून मोजत, १ एप्रिलपासून नव्हे. म्हणजे ही कथाही लंगडी पडते. प्रथा कथेपेक्षा जुनी आहे, इतकं नक्की.

अर्धविराम

बसले. वाचलं. सहा जणांनी फोटो काढले होते हो!

सगळ्यात लागलं ते हे की कसोटी मीच लिहिली होती आणि एकच परिच्छेद खाली स्वतःच नापास झाले. गोष्ट आवडली की तारीख विचारायची राहून जाते. धागा संपादित करणार नाही, ती तशीच राहू दे तिथे, माझ्या नावाने.

खोडरबर

अर्धविराम, हलकं घ्या, पण चाळीस वर्षांपूर्वी मारलेली थाप अजून माणसं गळाला लावते आहे, तर १ एप्रिलचा खरा मान बॉस्किन मास्तरांनाच द्यायला हवा.

सातवा_मजला

संयुक्त राष्ट्रांच्या दिवसांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वरच्या त्या ‘ठरवतं कोण’ला तिथे तरी सरळ उत्तर आहे: एखादा सदस्य देश ठराव आणतो, आमसभा तो मंजूर करते. यादी वाचताना हसू येतं. ट्यूना माशाचा दिवस, कडधान्यांचा दिवस, बटाट्याचा दिवस, टीव्हीचा दिवस. पण थोडं खणलं की हसू थांबतं.

२ मेचा ट्यूना दिवस घ्या. प्रशांत महासागरातल्या छोट्या छोट्या बेटांच्या देशांनी एक करार केलाय. आपल्या पाण्यात परक्या बोटींनी किती दिवस मासेमारी करायची ते हे देश एकत्र ठरवतात. जगातला बराचसा ट्यूना त्यांच्याच पाण्यातून जातो आणि सरकारं त्यावर चालतात. आधी ते आपापसात हा दिवस पाळत, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो घेतला. ज्याची चूल त्यावर आहे त्याला तो मासा विचित्र नाही.

१९ नोव्हेंबर, शौचालय दिन. सिंगापूरचे जॅक सिम बांधकामाच्या धंद्यात पैसे कमावून चाळिशीत त्यातून बाहेर पडले आणि या विषयाच्या मागे लागले. १९ नोव्हेंबर २००१ ला त्यांनी जागतिक शौचालय संघटना काढली आणि इंग्रजी आद्याक्षरं मुद्दाम अशी जुळवली की जागतिक व्यापार संघटनेची आणि यांची एकच, डब्ल्यूटीओ. लोक हसतील, हसले की ऐकतील, हा हिशेब. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये दिवस मान्य केला. आणि तारीख? संघटनेचा वाढदिवस.

मधमाशी दिवस २० मेचा, स्लोव्हेनियाच्या प्रस्तावावरून, २०१८ पासून. अठराव्या शतकातला मधमाशीपालक आन्तोन यान्शा याच्या नावाने. याची तारीख मला फार आवडते. त्याचा जन्म १७३४ चा, पण जन्मदिवसाची नोंद नाही, चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची तारीख तेवढी आहे. तीच घेतली.

नेहमीचाच_वाचक

इथे पहिल्यांदाच लिहितोय, चूक झाल्यास सांभाळून घ्या.

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाचं अमेरिकेपुरतं उत्तर थोडं रंजक आहे. तिथे आधी खुद्द संसद असे दिवस वाटत असे. रेगन यांनी १९८४ मध्ये जुलैचा तिसरा रविवार आइस्क्रीमचा म्हणून जाहीर केला, तोही संसदेच्या ठरावावरून. असल्या ठरावांनी इतका वेळ खायला सुरुवात केली की १९९५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने नियम करून ते बंदच करून टाकले.

पण समांतर एक रस्ता होता. १९५७ मध्ये विल्यम आणि हॅरिसन चेस या भावांनी मिशिगनमध्ये वर्षभरातल्या दिनविशेषांची एक जंत्री काढायला सुरुवात केली. विल्यम वर्तमानपत्राच्या ग्रंथालयात कामाला होते, बातमीदार रोज काय काय शोधत येतात हे त्यांना ठाऊक. ती जंत्री रेडिओवाले सकाळी उघडून बसत. त्यामुळे जंत्रीत नाव आलं की दिवस ‘झाला’. हे थॉमस रॉय नावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या नटाने बरोबर हेरलं. त्याने आणि त्याच्या पत्नीने मिळून ऐंशीच्या आसपास दिवस काढले. त्यातला एक २० फेब्रुवारीचा: भर दुपारी बारा वाजता घराबाहेर यायचं, हात डोक्यावर हलवायचे आणि ‘हूडी-हू’ असं ओरडून थंडीला हाकलायचं. हे सगळं जंत्रीत छापलेलं आहे.

आता संकेतस्थळांचा जमाना. २०१३ मध्ये नॉर्थ डकोटात सुरू झालेलं नॅशनल डे कॅलेंडर कंपन्यांकडून शुल्क घेऊन दिवस नोंदवू लागलं. त्यामुळे खोडरबर यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

मात्र सगळ्याच दिवसांना एक जन्मदाता असतो असंही नाही. २ फेब्रुवारीचा ग्राउंडहॉग डे बघा. बिळातून बाहेर आलेल्या प्राण्याला आपली सावली दिसली तर हिवाळा अजून सहा आठवडे, ही समजूत युरोपातल्या कँडलमस सणाची. जर्मन मुलखात तो प्राणी बिज्जू होता. तिथले लोक पेनसिल्व्हेनियात आले, बिज्जू काही हाताशी सापडेना, ग्राउंडहॉग मात्र शेतोशेत. प्राणी बदलला, तारीख तीच राहिली. पंक्ससटॉनी गावात १८८७ पासून हे रीतसर चालू आहे.

रेघोट्या

पहिल्याच प्रतिसादात षटकार! नेहमीचेच_वाचक, आता नेहमी लिहा.

डुलकी

फिनलंडवाल्यांना विसरू नका रे. २७ जुलै हा तिथे झोपाळूंचा दिवस. घरात सगळ्यात उशिरापर्यंत जो लोळत पडेल त्याच्यावर पाणी. नान्ताली गावात तर पहाटे लोक जमतात आणि एका नामवंत माणसाला चादरीत वगैरे गुंडाळून सात वाजता समुद्रात टाकतात. कुणाला ते शेवटपर्यंत गुपित. मुळाशी इफेससच्या सात निद्रिस्तांची कथा: छळाला भिऊन गुहेत लपलेले सात जण, झोपले ते शतकं उलटल्यावर जागे झाले. आपण कुंभकर्णाला ढोल-नगाऱ्यांनी उठवतो, ते समुद्रात टाकतात.

१३ ऑक्टोबर हा अपयशाचा दिवस, तोही फिनलंडचा, २०१० मध्ये आल्टो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी काढलेला. अपयशाला भिऊन कुणी धंदाच सुरू करत नाही, म्हणून. मी गेल्या वर्षी पाळायचा ठरवला होता, पण जमलं नाही.

पावकी_निमकी

डुलकी, ते शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

तीन_कांजी

जपानी शिकते आहे म्हणून दोन-चार ओळी. तिथे आकड्यांचे उच्चार जोडून शब्द करायची जुनी खोड आहे, त्यामुळे कॅलेंडर म्हणजे कोट्यांचा कारखाना. २२ फेब्रुवारी, २-२-२, ‘नि नि नि’. जपानी मांजर ‘न्यान न्यान’ करतं. म्हणून तो मांजरांचा दिवस, १९८७ पासून. ८ ऑगस्ट अबॅकसचा: आठ म्हणजे ‘हाचि’, ते ‘पाचि’ केलं की ‘पाचि-पाचि’, मण्यांचा आवाज! अशा दिवसांची शुल्क घेऊन नोंद करणारी संस्थाही आहे.

११ नोव्हेंबरला तर आकड्याचं नुसतं चित्रच पुरतं. चार एक म्हणजे चार काड्या, म्हणून तिथे पॉकी नावाच्या काडीसारख्या बिस्किटाचा दिवस. सुरू केला १९९९ मध्ये, कारण ते हेइसेई शकाचं अकरावं वर्ष, म्हणजे ११-११-११. शेजारी चीनमध्ये तोच आकडा बघून विद्यार्थ्यांना चार सडेफटिंग एकटे उभे दिसले. ‘उघडी काठी’ हा तिथे अविवाहितासाठी शब्दच आहे. १९९० च्या दशकात नानजिंग विद्यापीठाच्या वसतिगृहात ही टूम निघाली असं सांगतात. २००९ मध्ये अलीबाबाने त्यावर सेल लावला आणि एकटेपणाची जगातली सगळ्यात मोठी खरेदी झाली. खोडरबर, घ्या, हा तुम्हाला.

खोडरबर

घेतला. पण मांजरांच्या दिवसावर माझा काही आक्षेप नाही, हेही नोंदवून ठेवा.

पावकी_निमकी

अवांतर, पण धाग्यात हवंच. इथे सगळे तारखेला दिवस शोधतायत. स्वीडनने दिवसासाठी तारीख शोधली होती: ३० फेब्रुवारी १७१२.

त्यांना जुन्या ज्युलियन पंचांगातून नव्या ग्रेगोरियनमध्ये जायचं होतं. एकदम अकरा दिवस उडवण्यापेक्षा १७०० पासून चाळीस वर्षं लीप दिवसच गाळत जायचे, म्हणजे हळूहळू जुळेल, अशी युक्ती काढली. १७०० चा गाळला. मग युद्ध पेटलं आणि १७०४, १७०८ चे गाळायचे राहूनच गेले. आता स्वीडन ना जुन्या पंचांगाशी जुळत होतं ना नव्याशी, जगात एकटंच एक दिवस वाकडं. शेवटी कंटाळून परत जुन्यावर यायचं ठरलं, आणि उडवलेला एक दिवस भरून काढायला १७१२ च्या फेब्रुवारीला नेहमीच्या लीप दिवसाशिवाय आणखी एक जादा दिवस दिला. त्या ३० तारखेला जन्मलेल्या पोरांचं काय झालं असेल हा विचार मला अधूनमधून रात्री सतावतो.

तळटीप

आणि एवढं करून १७५३ मध्ये शेवटी अकरा दिवस एकदमच उडवले. १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च.

अर्धविराम

धागा वर काढतेय. आज १६ जानेवारी.

हॅरॉल्ड पुलमन कॉफिन या अमेरिकन स्तंभलेखकाने १९७२ मध्ये सुचवलेला आणि १९७३ पासून पाळला जाणारा ‘काहीच नाही’ दिवस. दिवसांचा सुकाळ पाहून वैतागला होता. काहीही साजरं न करता, कुणाचाही सन्मान न करता नुसतं बसायला एक दिवस हवा, एवढीच मागणी. म्हणून आज मी सकाळी फळा स्वच्छ पुसला, कोपऱ्यातली तारीखसुद्धा पुसली आणि जागेवर येऊन बसले.

अकरापर्यंत तिघांनी येऊन विचारलं, आजचं लिहायचं राहिलं का. दुपारी कुणीतरी रिकाम्या फळ्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. आणि त्या सिनियर बाई लिफ्टची वाट बघत बराच वेळ फळ्यासमोर उभ्या होत्या. दार उघडलं तरी आत गेल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा कोणी ठरवला?"

या वेळी मला उत्तर येत होतं.

खोडरबर

+१. आज याहून जास्त लिहिणं नियमात बसत नाही.